जावयाचा पासपोर्ट आणि रोमचे गुलाम

शारजाहून परत आल्यापासून आमच्या भिशीतल्या बायका मला एकच विचारतायत, सोनं किती आणलंस? आणलं नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. मग दुसरा प्रश्न, उंटावर बसलीस का? नाही बसले. उंटाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यावरून त्याचीही तयारी नव्हती. ती जगातली सगळ्यात उंच इमारत लांबून पाहिली, तेव्हा ती पुरती झालीही नव्हती. माझा सगळा मुक्काम गेला तो जावयाच्या पासपोर्टाच्या काळजीत. आता जिन्यात गाठून प्रत्येकीला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

रोल्ला

माझी मुलगी मंजिरी, जावई निखिल आणि नात रिया शारजाच्या रोल्ला भागात राहतात. निखिल एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर, ऑफिस दुबईच्या पलीकडे जबल अलीला. २००८ च्या शेवटाला मंदी आली आणि तिकडची बांधकामं एकेक करून थांबायला लागली. मंजिरी फोनवर "सगळं ठीक आहे गं" असं इतक्या वेळा म्हणाली की ठीक नाही हे मला कळलं. २००९ च्या फेब्रुवारीत मी व्हिजिट व्हिसा काढला आणि गेले.

रोल्ला म्हणजे परदेश, असं कुणी मला शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. खाली उतरलं की साड्यांची दुकानं, सोनारांची दुकानं, मल्याळी हॉटेलात पराठ्यांचा ढीग, आणि भाजीवाल्याकडे शेवग्याच्या शेंगा अशा ताज्या की ठाण्यात मिळायच्या नाहीत. मी कोथिंबिरीची जुडी उचलली. एक दिरहॅम. "म्हणजे तेरा रुपये!" मी ओरडलेच.

"आई, गुणाकार सोड," मंजिरी म्हणाली, "नाहीतर इथे उपाशी राहशील."

सुपरमार्केटच्या दाराशी एक फळा होता. त्यावर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, सोफा विकणे आहे, फ्रीज विकणे आहे, पाळणा विकणे आहे, आम्ही कायमचे जात आहोत. पाळण्याच्या चिठ्ठीपाशी मंजिरी थांबली, ती वाचली आणि पुढे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बश्या पुढे घेऊन आम्ही बसलो तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. निखिलची कंपनी गुंडाळत होती. महिन्याभरात त्याची नोकरी जाणार. पण रुवैसला, अबू धाबीच्या पार पश्चिम टोकाला, तेल शुद्धीकरणाच्या एका कंपनीत त्याला दुसरी नोकरी मिळाली होती. सोडण्याची परवानगीही, तिकडे एनओसी म्हणतात ती, जुन्या कंपनीने दिली होती.

"अरे वा! मग तोंडं का पाडून बसलात?" मी म्हटलं.

मंजिरीने डाव पातेल्यात आपटला. "सांग ना. सांग तुझा पराक्रम."

पराक्रम असा. तिकडच्या बऱ्याच कंपन्या कामाला लागलेल्या माणसाचा पासपोर्ट आपल्या तिजोरीत ठेवून घेतात. कायद्याने ठेवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत. तरी सगळे ठेवतात आणि सगळे देतात. सुट्टीवर जायचं तर तो मागून घ्यायचा. पण निखिलच्या कंपनीत मंदीपासून एक नवी पद्धत निघाली होती. जाणारा परत येईल कशावरून? म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायचं, की हा परत येईपर्यंत माझा पासपोर्ट अडकवून ठेवा. निखिलचा ऑफिसातला मित्र बिजू, केरळचा. त्याच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. बिजूला तडक जायचं होतं. निखिलने लिहून दिलं. नंतर आठ-दहा दिवसांत रुवैसची नोकरी चालून आली. आणि आता व्हिसासाठी पासपोर्ट हवा, तर तो तिजोरीत, आणि बिजू केरळात.

मी रागावले की जावयाला निखिलराव म्हणते. "निखिलराव, तुम्ही स्वतःला ओलीस ठेवलंत?"

"आई, त्याचे वडील होते हो."

"आणि तुमची बायको, मुलगी? तो परत येतोय कशाला? इथे आहे काय आता?"

"येईल," निखिल म्हणाला आणि पोहे खायला लागला.

"फोन लागत नाहीये त्याचा," मंजिरी मला म्हणाली. "एअरपोर्टवर लोक गाड्या टाकून पळतायत म्हणे, किल्ल्या आत ठेवून. आणि आमच्या घरात हा एक हरिश्चंद्र!"

सरकारी कामगार कचेरीत तक्रार करता आली असती. पण तिचा निकाल लागेस्तोवर रुवैसवाले थांबले नसते, त्यांच्याकडे अर्जांची रांग होती. ती नोकरी गेली तर बाडबिस्तारा घेऊन ठाण्याला परत, रियाची शाळा अर्ध्या वर्षात तोडून. मला पोहे गिळवेनात. चांगले झाले होते हो, पण गिळवेनात.

मंडळाचा हॉल

आता यात रोमचे गुलाम कुठून आले ते सांगते. निवृत्त होईपर्यंत मी ठाण्याच्या कॉलेजात इतिहास शिकवला, आणि रोम हा माझा जिव्हाळ्याचा विषय. शारजाच्या मराठी मंडळाला कुणीतरी हे कळवलं आणि माझं व्याख्यान ठरवून टाकलं. विषय मीच दिला होता, ठाण्याहूनच, काही ठाऊक नसताना: रोमन साम्राज्याच्या उभारणीत गुलामांचा वाटा.

तालीम रियापुढे केली. ती अकरा वर्षांची, शेंगदाणे खात ऐकत होती. रोम लढाई जिंकायचं, हरलेल्या मुलखातली माणसं बाजारात विकायचं, ती माणसं श्रीमंतांच्या मोठमोठ्या शेतांवर राबायची. इकडे गावचा लहान शेतकरी वर्षानुवर्षं पलटणीत, त्याचं शेत पडीक, ते श्रीमंतच विकत घेणार आणि त्यावर आणखी गुलाम आणणार. मग त्यांना आणखी माणसं हवीत, म्हणून पुन्हा लढाई. स्पेनमधल्या चांदीच्या खाणीत गुलाम, श्रीमंतांच्या घरी शिकवायला ग्रीक गुलाम, हिशेब लिहायला गुलाम, औषध द्यायलाही गुलाम. साम्राज्य वर चढलं ते या खांद्यांवर.

"आजी, व्हाय डिडन्ट दे जस्ट क्विट?" रियाने विचारलं.

"अगं, सोडता येत असतं तर गुलाम कसले?"

"ओके. सो दे नीडेड एनओसी."

मी हसले, पण निखिल शेजारी लॅपटॉप उघडून बसला होता, तो हसला नाही.

व्याख्यानाला गर्दी बरी होती. मंदीत फुकटचा कार्यक्रम आणि वर साबुदाणा वडा, येणारच लोक. माझं भाषण रंगलं. शेवटी मात्र माझी जीभ घसरली, की मुद्दाम सोडली, देव जाणे. मी म्हटलं, "गळ्यात साखळी नसली म्हणून काय झालं? ज्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या तिजोरीत, तो कोण?"  पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी चष्मा पुसायला घेतला. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले आणि वडे बाहेर आहेत म्हणून सांगितलं.

घरी येताना गाडी निखिल चालवत होता. सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "आई, एक सांगू? मी गुलाम नाही."

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"घ्यायची गरजच नव्हती. मी इथे माझ्या पायांनी आलो. चांगला पगार घेतला. कंपनी चुकते, हे मलाही कळतं. पण मला बिच्चारा करून ठेवू नका." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या त्या रोममध्ये गुलामाच्या शब्दाला काय किंमत होती?"

प्रश्न इतिहासाचा होता, उत्तर देणं भाग होतं. "काहीच नाही. कोर्टात गुलामाची साक्ष घ्यायची तर त्याचे हाल करूनच घ्यायचे. तसा नुसता त्याचा शब्द धरतच नसत."

"मग झालं तर. बिजूने मला शब्द दिलाय आणि मी तो धरलाय. दोघांपैकी गुलाम कोण?"

 मागच्या सीटवरून मंजिरी म्हणाली, "शब्द ठेव आणि फोन लाव त्याला." त्याने लावला. नॉट रीचेबल.

रुवैस

गुरुवारी निखिलला रुवैसला बोलावलं होतं. मंजिरी म्हणाली, आपण सगळेच जाऊ, राहायचं कुठे ते तरी बघू. राहायला मिळालं तर, हे ती बोलली नाही.

अबू धाबी मागे पडलं की रस्ता नुसता सरळ जातो. डावीकडे वाळू, उजवीकडे अधूनमधून समुद्र. आपला समुद्र बघायची सवय असलेल्याला हा उथळ, हिरवट, गप्प समुद्र जरा आजारी वाटतो. मधे एका टपरीवजा कॅफेटेरियापाशी गाडी थांबवून हॉर्न वाजवला की पोरगा चहा गाडीतच आणून देतो, उतरायचं नाव नको. एक दिरहॅमचा वेलदोड्याचा दाट, गोड चहा. मी गुणाकार केला, पण मनातल्या मनात.

पाय मोकळे करायला मी खाली उतरले. समोर पांढरं सपाट मैदान, मिठाची पापडी धरलेलं. टणक दिसलं म्हणून चार पावलं आत गेले तर उजवा पाय घोट्यापर्यंत खाली! पापडीखाली नुसता काळा चिखल. पाय ओढला तर पाय आला, चप्पल राहिली. निखिल धावत आला आणि माझ्या चपलेसाठी कोपरापर्यंत हात त्या चिखलात घालून बसला. मी त्याला हॉलभर लोकांसमोर काय काय सुनावलं होतं, आणि हा गाढव माझी चप्पल शोधतोय. मला एकदम फार माया आली त्याची. चप्पल मिळाली, पण तिचा वास शेवटपर्यंत गेला नाही.

रुवैस मात्र मला आवडलं. लांबूनच कारखान्याच्या चिमण्यांवर जळत्या ज्वाळा दिसतात, आणि मग अचानक नीटनेटकी वसाहत, झाडं, शाळा, सायकलवरची मुलं. रिया काच खाली करून म्हणाली, "इट्स सो क्वाएट. आय कॅन गेट अ सायकल हिअर." मंजिरीने एका रिकाम्या घराच्या खिडकीला नाक लावून स्वयंपाकघर पाहिलं. ओटा मोठा आहे गं, असं मला तीनदा सांगितलं. मला बघवेना तिच्याकडे.

निखिल कंपनीच्या ऑफिसातून तासाभराने आला. तिथला साहेब इजिप्तचा, भला माणूस, दोन वेळा हबीबी म्हणाला. पण पासपोर्ट रविवारी सकाळी हवा. त्यानंतर त्याच्या हातात काही नाही.

"मग तू काय म्हणालास?"

"इन्शाल्ला म्हणालो."

परतीच्या वाटेला लागलो. रिया झोपली. मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात त्या न पाहिलेल्या बिजूला नाही नाही ते बोलून घेतलं. आणि अबू धाबीच्या अलीकडे निखिलचा फोन वाजला. त्याने स्पीकरवर टाकला. पलीकडे खूप माणसांचा गोंगाट.

"निखिल भाई? फोन पानी में गिर गया था. नया लिया. ऑफिस वाला बताया मेरे को, आपका रुवैस का. आप क्यों नहीं बोला?"

"तेरे पापा कैसे हैं?"

"आयसीयू से बाहर आया. बोलता नहीं अभी. भाई, शनिवार सुबह का फ्लाइट लिया, शारजा का. मैं आता है."

निखिलने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. मंजिरी मागून त्याच्या खांद्यावर बुक्क्या मारत होती आणि रडत होती. मी म्हटलं, "अरे, विमान उतरेपर्यंत तरी थांबा!" कारण माझा अजून विश्वास नव्हता. विमानं काय, कुणीही चुकवतं.

जबल अली

शनिवारी मीही विमानतळावर गेले. मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दारातून एकेक माणूस बाहेर येत होता, आणि प्रत्येक मिशीवाला मला बिजूच वाटत होता. शेवटी आला तो बारीकसा, बिनमिशीचा, खांद्यावर एक बॅग. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले. निखिलने त्याला मिठी मारली. त्याने मला वाकून नमस्कार केला आणि बॅगेतून केळ्याच्या वेफर्सची पिशवी काढून हातात दिली. "आंटी, घर का है." ज्याचे वडील नुकते आयसीयूतून बाहेर आलेत असा माणूस, आणि त्याने वेफर्स आणले होते! मी गुरुवारी त्याला काय काय बोलले होते ते आठवून मला कानकोंडं झालं.

जबल अलीचा रस्ता भला मोठा. दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, क्रेन जागच्या जागी उभ्या. ऑफिस एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर होतं. अर्ध्या टेबलांवर नुसत्या वायरी लोंबत होत्या. पासपोर्टांचं काम बघणारे खानसाहेब पेशावरकडचे, पांढऱ्या दाढीचे, एकटेच बसलेले. बिजूने आपला पासपोर्ट टेबलावर ठेवला. खानसाहेबांनी तिजोरी उघडून निखिलचा काढला. एक गेला, एक आला. इतक्या दिवसांचा जीव टांगणीला लागलेला, आणि काम पाच मिनिटांचं! निखिलने पासपोर्ट शर्टाच्या खिशात घातला आणि वरून हात दाबून धरला. मी न विचारता खुर्चीत बसले.

मग बिजूने खाली बघत सांगितलं, "खानसाब, मेरे को वापस जाना है. अब्बी. मेरा नौकरी तो वैसे भी इसी महीने खतम."

म्हणजे हा कामावर परत आलाच नव्हता. निखिलचा पासपोर्ट सोडवायला आला होता, फक्त तेवढ्यासाठी.

खानसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. "बेटा, व्हिसा कॅन्सल होने में वक़्त लगेगा. वैसे जाना है तो क़ायदा तुझे मालूम है. किसी और का रखवाना पड़ेगा."

बिजूने रिकाम्या टेबलांकडे पाहिलं. ठेवायला होतं कोण? निखिलचा हात खिशावरून निघाला. खरंच सांगते, निघाला. मी तो खिशात जाताना पाहिला. रुवैस, तो मोठा ओटा, रियाची सायकल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी खुर्चीतून उठले, पर्स उघडली आणि माझा स्वतःचा पासपोर्ट खानसाहेबांच्या पुढ्यात ठेवला.

"मेरा रखिए," मी म्हटलं. "मैं इसकी गॅरंटी."

खानसाहेबांनी तो उघडून बघितला. फोटो बघितला, मला बघितलं. "माँ जी, आप तो विज़िट पर हैं. आपका नहीं चलता."

"क्यों नहीं चलता? लडका इतने दूर से वापस आया. उसका शब्द चलता है, तो मेरा पासपोर्ट नहीं चलेगा?" माझं हिंदी रागात असंच होतं.

ते हसायला लागले. आधी बारीक, मग खोकला येईपर्यंत. डोळे पुसून म्हणाले, "माँ जी, किसके लिए संभालूँ मैं ये तिजोरी? महीने के आख़िर में मैं भी घर जा रहा हूँ." त्यांनी माझ्या पासपोर्टावर बिजूचा ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवले. "ले जाइए. ख़लास. वालिद को मेरा सलाम बोलना, बेटा."

बिजू त्यांचा हात धरून उभाच राहिला. मी दोन्ही पासपोर्ट पर्समध्ये कोंबले, चेन लावली आणि या माणसाचं मन बदलायच्या आत दोघांना जिन्याकडे ढकललं.

गाडीत मी सुटल्यासारखी बोलत होते. वेफर्सची पिशवी फोडली, सगळ्यांना दिली. बिजूला म्हटलं, आधी घरी जेवायचं, आमटी-भात, मग तिकिटाचं बघू. माझ्या व्याख्यानाचं सांगितलं, रोमच्या खाणी सांगितल्या, तो बिचारा मान डोलावत ऐकत होता. दुबई गेलं, शारजाची गर्दी लागली, आणि माझे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर घट्ट. रोल्लाच्या वळणावर बिजूने घसा खाकरला.

"आंटी... वो... मेरा पासपोर्ट."

"हां हां, मेरे पास है. बिलकुल सेफ है, चिंता मत करो."

"हां आंटी," तो संकोचून म्हणाला. "लेकिन मेरे को चाहिए."

 मग निखिल आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "आई, त्याचा पासपोर्ट सोडायचा असेल तर गॅरंटी कुणाची घेणार?"

मी पर्स उघडली. दोन्ही निळे, दोन्हींवर तेच सिंह. आतले फोटो बघून त्याचा त्याला दिला.